रामेश्वरशेठच्या तुलेचा गूळ

मी तराजू बोलतोय. भाजीवालीच्या हातात लटकतो तो नव्हे, तो माझा धाकटा भाऊ समजा. मी आडतीवरचा मोठा काटा. मनगटाएवढी जाड लोखंडी दांडी, दणकट साखळ्या आणि माणूस मांडी घालून बसेल एवढी दोन लाकडी पारडी. कुंभार पिंपळगावात रामेश्वरशेठच्या गोदामात आढ्याला टांगलेला असतो. स्वभाव विचाराल तर थोडा ताठच. मी जे सांगितलं त्यावर सगळ्या गावाने माना डोलावल्या, मग ताठा येणार नाही तर काय!

माझा जन्म जालन्याला एका लोहाराच्या भट्टीत झाला. लाल होईपर्यंत तापवून त्याने मला ठोक ठोक ठोकलं. शेवटी दोरीला टांगून एक डोळा मिटला, एका टोकाला हलकीच कानस मारली आणि शेजाऱ्याला म्हणाला, "आता ह्यो बापाचं बी ऐकायचा न्हाई." तेवढा एकच आशीर्वाद घेऊन मी जगात आलो.

मला विकत घेतलं रामेश्वरशेठच्या आजोबांनी. हे घराणं मूळचं राजस्थानचं, पण इथल्या मातीत इतकं मुरलं की आता बाजारात त्यांची मराठी ऐकून कुणी वेगळं म्हणणार नाही. घरात मात्र अजून मारवाडी चालते. ती मला ऐकून ऐकून कळते, तुम्हाला मी मराठीतच सांगतो. त्या काळी तूर, ज्वारी, सरकी, सगळं माझ्यावरून जायचं. वर्षाला सरकारी साहेब यायचा, मला तपासायचा आणि अंगावर शिक्का मारून जायचा. त्या दिवशी मी नवरदेवासारखा दिसायचो.

मग एके दिवशी दुकानात विजेवरचा चपटा काटा आला. दिसायला पाटासारखा, पण त्याच्यावर लाल आकडे लुकलुकायचे. लोक म्हणाले, वा! मला गोदामात हलवलं. माझ्या एका पारड्यात रिकामी पोती आली आणि दुसऱ्यात फुटका टेबलफॅन. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू?

तरी एक मान माझ्याकडे राहिला होता, तुलेचा. आमच्याकडे कुणाचा नवस फिटला किंवा घरातल्या मोठ्या माणसाची एकसष्टी आली की त्याची गूळतुला करतात. एका पारड्यात माणूस, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा. काटा मध्ये आला की तो सगळा गूळ गावात वाटायचा. आता लाल आकड्यांवर कुणी तुला करतं का? त्या दिवशी मलाच बाहेर काढतात, तेल लावतात, झेंडूची माळ घालतात.

रामेश्वरशेठच्या वडिलांची तुला अजून गावाच्या तोंडी आहे. मोठे शेठ भरभक्कम गृहस्थ. ढेपा चढवता चढवता मापाडी घामाघूम झाला, पण पारडं काही हलेना. घरोघर गूळ गेला, आणि वाडी-वस्तीवरसुद्धा पोचला. पुढे वर्षभरात मोठे शेठ गादीवर बसल्या बसल्याच गेले. लोक म्हणाले, पुण्यवान माणूस, त्रास न होता सुटला. त्यांच्या वजनाचा आणि त्या जाण्याचा काही संबंध असेल, हे कुणाच्या मनातही आलं नाही. माझ्याही आलं नाही. मला तेव्हा वाटायचं, जड म्हणजे चांगलं.

रामेश्वरशेठ वडिलांवर गेलेले. दिलदार, बोलघेवडे, हसले की आधी पोट हलायचं आणि मग आवाज यायचा. सकाळी गादीवर बसायचे ते रात्रीच उठायचे. दुकानातून घर दिसतं, तरी तिथवर स्कूटरवर जायचे. त्यांची एकसष्टी जवळ आली तेव्हा त्यांनी भर बाजारात सांगून टाकलं, "आपली बी तुला होणार. बापाच्या वरचढ होणार!" बाजाराच्या दिवशी बोललेली गोष्ट आमच्याकडे दगडावर कोरल्यासारखी असते.

नेमकं त्याच सुमारास शेठना घराचा जिना चढताना धाप लागायला लागली. सून कनिका दुकानाचा सगळा कारभार संगणकावर सांभाळते, आणि सासऱ्यालाही. तिने त्यांना गाडीत घातलं आणि जालन्याला डॉक्टरांकडे नेलं. परत आल्यावर शेठ थेट गोदामात आले, आपल्या दोस्ताला सगळं सांगायला.

हा दोस्त म्हणजे कारभारी. धनगराच्या घरचे. त्यांचे वडील मेंढरं घेऊन रानोमाळ फिरायचे, कारभारींनी थोडी शेती केली आणि थोडी मेंढरं ठेवली. अंगाने काडी. दुपारी आमच्या गोदामाच्या दारात उकिडवे बसून विडी ओढायचे. आत पोती असल्यामुळे विडी उंबऱ्याबाहेर आणि गप्पा उंबऱ्याच्या आत, असा दोघांचा जुना करार होता.

"कारभारी, त्या डॉक्टरानं फीत घेऊन माझं पोट मोजलं रे! शिंप्यासारखं!"

"सदरा शिवून देतो काय?"

"अरे, ऐक तर. म्हणतो, वजन तर हायेच, पण ते समदं पोटावर जमा झालंय ते जास्त वाईट. रक्तदाब वाढून राह्यलाय, साखर काठावर आलीय. वडील हृदयानंच गेले का म्हणून बी विचारलं. म्हणतो, चाला, मीठ कमी करा, तळलेलं सोडा, गादीवरून उठा. न्हाईतर हृदय कवा तरी दगा देईल."

मला आधी राग आला तो त्या फितीचा. एवढीशी कापडी पट्टी, तिला दांडी नाही, पारडं नाही, सरकारी शिक्का नाही, आणि ती माणसाचं वजन कुठे साठलंय ते सांगणार? मी इतकी वर्षं किती आहे ते सांगत आलो. कुठे आहे, हे मला कधी कुणी विचारलंच नव्हतं.

"मंग आता चालणार का?" कारभारींनी विचारलं.

"चालीन की. पण तुला होऊ दे. आता वजन उतरलं तर लोक काय म्हणतील? बापाच्या वरचढ म्हणला आन् शेठनं गूळ वाचवला!"

इथून जे सुरू झालं ते फक्त आमच्या गावातच होऊ शकतं. शेठ वजन उतरवायचं सोडून चढवायला लागले! घरात भगवतीदेवी, म्हणजे शेठची बायको, कनिकाच्या सांगण्यावरून फुलके आणि बिनतेलाची भाजी वाढायच्या. शेठ मुकाट्याने जेवायचे आणि दुपारी रुमालात कचोऱ्या बांधून माझ्याकडे यायचे. माझं पारडं झटकायचे, दुसऱ्यात लोखंडी मापं ठेवायचे, आपण मांडी घालून बसायचे आणि कचोरी खात खात काट्याकडे बघायचे. काटा त्यांच्या बाजूला झुकला की लहान मुलासारखे खूश व्हायचे.

आणि खरं सांगू? मीही खूश व्हायचो. इतक्या वर्षांनी रोज कुणीतरी माझ्यात बसत होतं. मला कुठे ठाऊक, मी कशाची पावती देत होतो ते!

"शेठ, तू खा," कारभारी दारातून म्हणायचे. "तुझ्या वाटचं मी चालून येतो."

"तुझं बरंय रे. तुझ्या अंगावर काय हाय का?"

"तेच तर! चरबीच न्हाई तर हृदयाला काय होतंय? मी शंभर वर्सं जगतो बघ." आणि दुसरी विडी पेटायची. कनिकाने त्यांनाही दोन-तीनदा तपासून यायला सांगितलं होतं. "पोरी, तपासायला आत काही असाया पायजे," असं म्हणून ते हसायचे. मलाही ते पटायचं. माझ्या हिशेबात कारभारी सगळ्यात सुखरूप माणूस होते.

एका दुपारी शेठ माझ्यात बसले होते आणि कारभारी दारात. बोलता बोलता कारभारींनी विडी टाकली आणि छातीवर हात दाबला.

"पित्त झालंय वाटतं. शेठ, तेवढा सोडा आन ना."

शेठनी वळून बघितलं. कारभारींच्या कपाळावर घामाचे थेंब होते आणि ते डावा हात चोळत होते.

"हात बी दुखून राह्यला का?"

"हात बी आन् जबडा बी. पित्तच हाय रे. सोडा दे जल्दी."

शेठचा चेहरा उतरला. डॉक्टरांनी नेमकी हीच लक्षणं त्यांना सांगितली होती, त्यांच्या स्वतःच्या काळजीपोटी. ते माझ्यातून इतक्या झटक्याने उठले की दुसरं पारडं मापांसकट दाणकन जमिनीवर आदळलं. मोबाइल दुकानात गादीवर होता. गोदाम ते दुकान, मधे लांबलचक बोळ. शेठ धावायला लागले.

मला दारातून तो बोळ दिसतो. शेठ थोडे धावले आणि भिंतीला हात लावून थांबले. पुन्हा निघाले, पुन्हा थांबले. हाक मारायला तोंड उघडलं, पण धापेने आवाजच फुटेना. माझ्या साखळ्यांत जोर असता तर मी स्वतः धावलो असतो. मागे दारात कारभारी भिंतीला टेकून बसले होते, ओठ पांढरे पडले होते.

बोळाच्या तोंडाशी बायका तूर चाळत होत्या. त्यांच्यात बायनाबाई होत्या, कारभारींची बायको. भिंतीला धरून उभे राहिलेले शेठ त्यांना दिसले. त्यांना वाटलं, शेठनाच काही झालं.

"शेठजी, काय झालं? घाबरं होतंय का?"

शेठनी नुसतं मागे बोट दाखवलं. "कारभारी... कनिकाला सांग..." एवढंच कसंबसं निघालं.

बायनाबाईंनी पदर खोचला आणि त्या दुकानाकडे अशा सुटल्या की चाळणी कुठे पडली तेही त्यांना कळलं नाही. कनिकाने लगेच अँब्युलन्स बोलावली. कारभारींना आधी सरकारी दवाखान्यात आणि तिथून जालन्याला नेलं. हृदयाची रक्तवाहिनी पार तुंबली होती. डॉक्टरांनी नळी घालून ती उघडली, आत स्टेंट बसवला. वेळेत आणलं म्हणून निभावलं, असं ते बायनाबाईंना म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शेठ गोदामात आले. माझ्यात बसले नाहीत, पोत्यावरही नाही, खाली जमिनीवर बसले. त्यांना शोधत भगवतीदेवी आल्या.

"त्यांना बरं आहे म्हणून फोन आला. आता का असे बसलात?" त्यांनी विचारलं.

"मला पळता आलं नाही," शेठ म्हणाले. "माझा दोस्त मरत होता आणि मला बोळ ओलांडता आला नाही. बायनाबाई तिथं नसत्या तर?" आणि हा हसरा माणूस लहान पोरासारखा रडला. भगवतीदेवींनी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसून पदराने त्यांचे डोळे पुसले. मग त्यांना पोत्यामागे कचोऱ्यांचा रुमाल दिसला. त्यांनी तो उचलला, वास घेतला आणि एक अक्षर न बोलता गाईला घालायला घेऊन गेल्या. त्यांच्या त्या न बोलण्याला शेठ रागावण्यापेक्षा जास्त घाबरतात.

कारभारी दवाखान्यातून परत आले तेव्हा कनिकाने दोघांना गोदामात समोर बसवून समजावलं. मी कान देऊन ऐकत होतो, कारण गोंधळ माझाही झाला होता. काडीसारखा माणूस पडला आणि भरलेला उभा राहिला, हे माझ्या हिशेबात बसत नव्हतं.

"काका, तुमचं वजन नाही, पण विड्या किती? रक्तदाब कधी तपासलाच नाही, तो आतून आपलं काम करत राहिला. बाबूजी, तुमचं पोट, मीठ, तळण आणि दिवसभर बसणं. दोघांचे रस्ते वेगळे, पण पोचता एकाच दवाखान्यात."

"मंग आता दोघं एकाच रस्त्यानं जाऊ," कारभारी म्हणाले. "सकाळी, तळ्याकडं. पण डॉक्टरांनी मला हळूहळू चालाया सांगितलंय, शेठ. पळू नको."

"मी आन् पळणार!" शेठ म्हणाले, आणि बऱ्याच दिवसांनी ते पोट आधी हललं.

पुढचं थोडं ऐकीव सांगतो. श्रेयांसने, म्हणजे शेठच्या मुलाने, बापाला पांढरेशुभ्र बूट आणून दिले. धोतराखाली ते बूट घालून शेठ निघाले तेव्हा गाव उंबऱ्यावर आलं. आमच्याकडे शेठ पायी चालताना दिसला की एकतर त्याची गाडी बिघडली असते नाहीतर धंदा बसला असतो. हॉटेलवाला ओरडला, "शेठ, स्कूटर बंद पडली काय? या, चहा घ्या, भजी काढून राह्यलो!" कारभारींनी शेठचा हात धरून त्यांना पुढे ओढलं. रोज भज्यांचा वास आणि रोज ती ओढाओढ. कारभारींच्या खिशात विडीच्या जागी फुटाणे आले. विडीची तल्लफ आली की चिडायचे, शेठला काहीबाही बोलायचे, शेठ ऐकून घ्यायचे. भगवतीदेवींनी जेवताना पापड आणि लोणचं ताटापासून लांब ठेवायला सुरुवात केली, आणि तूर-मुगाची डाळ कमी तुपात इतकी चवदार करायला लागल्या की शेठना काही म्हणायला जागाच उरली नाही. बूट पहिल्या आठवड्यात चावले. गुडघे दुखले. वजन लगेच काही उतरलं नाही, तेव्हा शेठ दोनदा रुसून बसले. पण जिना चढताना धाप लागेनाशी झाली, ते त्यांना स्वतःला कळलं.

आणि मग वजनही उतरायला लागलं. त्याबरोबर गावात कुजबुज सुरू झाली. शेठ हुशार आहे, तुलेच्या आधी बारीक होतोय, गुळाचा खर्च वाचवतोय. ती शेठच्या कानावर आली आणि बाण लागल्यासारखी बसली. आमचा माणूस दुखणं सहन करील, पण चिक्कू म्हटलेलं त्याला सहन होत नाही.

तुलेच्या आदल्या दिवशी मला बाहेर काढण्याआधी शेठ एकटेच आले. माझ्या पारड्यात गादी घातली आणि गादीच्या खोळीत लोखंडी मापं सरकवायला लागले. मी हादरलो! तीन पिढ्यांत या घराने मापात मारलं नव्हतं, आणि आज शेठ स्वतःलाच जड करायला निघाले होते. तेवढ्यात दारात कारभारी.

"शेठ, काय करून राह्यला?"

शेठ चोरासारखे उभे राहिले. "लोक म्हणतात, बापाच्या वरचढ न्हाई. गूळ कमी पडंल रे."

"काढ ते लोखंड," कारभारी म्हणाले. "तू बारीक व्हायला निघाला म्हणून मी तुझ्यासंगं चालून राह्यलो. न्हाईतर एकटा घरी विड्या ओढीत बसलो असतो. काढ." शेठनी मापं काढली. माझ्या जिवात जीव आला.

दुसऱ्या दिवशी पटांगणात मला उभं केलं. तीन वाशांवर टांगलं, तेल लावलं, माळ घातली. सगळं गाव जमलं. शेठ माझ्यात बसले. मापाडी धर्मराजने पहिली ढेप ठेवताना रीतीप्रमाणे "एक" न म्हणता "लाभ" म्हटलं. ढेपेमागून ढेप चढत गेली आणि काटा मध्ये आला. लवकर आला. बाजूला गुळाच्या ढेपा उरल्या. गर्दीतून कुणीतरी मोठ्याने बोललं, "वाचला की हो शेठचा गूळ!" थोडं हसू पसरलं.

मला वाटलं, आता शेठ खाली मान घालतील. ते पारड्यातून उठले नाहीत. उलट थोडे बाजूला सरकले.

"कारभारी, इकडं ये. बस इथं."

"मी? मी कशाला?"

"ये म्हणतो ना. बाजारात बोललो होतो, बापाच्या वरचढ तुला होणार. माझं वजन घटलं, बराबर हाय. पण माझा दोस्त हाय ना जिवंत. त्याचं बी वजन माझ्यातच धरा."

माझ्या पारड्यात आजवर कुण्या मेंढपाळाची तुला झाली नव्हती. लोकांनी शेठची तुला बघितली, नेत्यांची बघितली, नवसाच्या पोरांची बघितली. कारभारींनी चपला काढल्या, पारड्याला हात लावून नमस्कार केला आणि शेठच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले. माझी दांडी करकरली. पारडं खाली गेलं आणि गुळाचं पारडं आभाळाकडे गेलं.

मग जी धांदल उडाली! उरलेल्या ढेपा चढल्या, पुरल्या नाहीत. कनिकाने दुकानातल्या आणल्या, पुरल्या नाहीत. भगवतीदेवींनी घरातला डबा आणला. ज्याने टोमणा मारला होता तोच हॉटेलातून गूळ घेऊन पळत आला. कारभारी एकसारखे म्हणत होते, "शेठ, पुरे रे." शेठ म्हणत होते, "गप बस, मला डॉक्टरांनी गूळ खाऊ नको सांगितलंय, वाटू नको न्हाई सांगितलं."

गुळाची शेवटची भेली बायनाबाईंनी ठेवली. काटा थरथरला आणि मध्ये येऊन थांबला. बायनाबाई माझी साखळी धरून तशाच उभ्या राहिल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या हसत होत्या. मला सगळ्यांनी आयुष्यभर एकच विचारलं होतं, किती भरलं? त्या दिवशी दोघं मिळून किती भरले, ते कुणी विचारलंच नाही.

आता मी परत गोदामात आहे. पारड्यांत पोती नाहीत, पंखाही नाही. सकाळी तळ्याकडून येताना ते दोघं बोळातून जातात. कारभारी शिव्या देत पुढे आणि शेठ त्यांच्या मागे, भिंतीला हात न लावता. माझ्यात बसून वजन करायला आता बरीच माणसं येतात. या, जरूर या, पण मी सांगेन तेवढ्यावर विसंबू नका. मला फक्त भार दिसतो. तुमची विडी, तुमचा रक्तदाब, तुमच्या बापाचं दुखणं यातलं मला काहीच कळत नाही. ते डॉक्टरांना दाखवा, आणि त्या फितीचा राग धरू नका, मीही सोडला आहे. छातीत कळ आली तर पित्त म्हणून सोडा मागत बसू नका. आणि एवढं एक ऐका माझं, जिवाभावाचं माणूस दारात कोसळलं तर बोळ ओलांडून धावता येईल, इतके तरी हलके राहा.